मागच्या दिव्यांचा प्रश्न

अमेरिकेतल्या एका कंपनीने आपल्या सुपरकारचं नवं रूप जाहीर केलं. इंजिन पुढून उचलून सीटच्या पाठीमागे ठेवलं आणि मागचे गोल दिवे काढून चौकोनी बसवले. परिणामी आमच्या गावातल्या दवाखान्यात एका पेशंटची दाढ अर्धवट उपटलेली राहिली.

दवाखाना दंतवैद्य आणि त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, यांच्या भागीदारीत होता. दोघंही सुपरकार रसिक मंडळाचे संस्थापक. मंडळात सुपरकार कोणाकडेच नव्हती, कोणी ती प्रत्यक्ष पाहिलेलीही नव्हती. त्यामुळे मतं अगदी शुद्ध होती.

दंतवैद्यांची पक्कड दाढेवर असतानाच मेहुण्याने मोबाइल पुढे धरला. "भाऊजी, इंजिन मागे! आता कुठे गाडीचा तोल साधला."

दंतवैद्यांनी फोटो पाहिला आणि पक्कड खाली ठेवली. "तोल गेला खड्ड्यात! दिवे बघ. हा चेहरा आहे की इस्त्री?"

"चेहरा नाही, पाठ आहे ती."

"ज्याला पाठीतला चेहरा दिसत नाही, त्याने कुणाच्या दाताला हात लावू नये!"

पेशंट "आं आं" म्हणाला. दोघांनीही तो आपल्याला पाठिंबा समजला.

मंडळात दिवेवादी आणि इंजिनवादी अशी उभी फूट पडली. दवाखान्याच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन आलं. खुर्ची दंतवैद्यांच्या वाट्याला गेली, हत्यारं मेहुण्याच्या. पेशंट इकडे बसून भूल घेई आणि दात काढायला तिकडे जाऊन उभा राही. दारातच "गोल की चौकोनी?" असं विचारलं जाई. एका आजींना वाटलं, कवळीबद्दल विचारताहेत. त्या म्हणाल्या, "चावता येईल असं काहीही द्या." तटस्थ म्हणून त्यांना परत पाठवण्यात आलं.

शेवटी दंतवैद्यांची बायको कडाडली, "दोन दिव्यांपायी माझं माहेर तोडताय? अहो, तुम्ही दोघं बसने फिरता!"

"नव्या बसचंही इंजिन मागेच असतं, ताई," पार्टिशनपलीकडून मेहुणा म्हणाला.

दंतवैद्य त्या दिवसापासून पायी जाऊ लागले.

आणि एक दिवस तीच गाडी दवाखान्यासमोर येऊन थांबली. गावातल्या कंत्राटदारबाईंनी ती घेतली होती. सुजलेला गाल धरून त्या दवाखान्यात आल्या. बातमी फुटली, अख्खं मंडळ धावत आलं आणि दोन्ही गट दवाखान्याच्या एकाच खिडकीला लोंबकळले.

"बाई, इंजिन मागे गेल्याने काय वाटतं?" मेहुण्याने हात जोडून विचारलं.

"पाठ शेकते. बरं वाटतं. उतरताना मात्र दोघांनी ओढावं लागतं."

"आणि दिवे?" दंतवैद्यांनी मेहुण्याला कोपराने बाजूला सारलं.

"मी गाडीच्या आत बसते हो! मला मागचे दिवे कसे दिसणार? आधी दाढ बघा."

मंडळाची तातडीची सभा तिथेच, बाईंच्या सुजलेल्या गालासमोर भरली. ठराव एकमताने झाला: सदर बाई गाडी वापरत असल्याने त्यांचं मत पूर्वग्रहदूषित आहे, सबब, ज्याने गाडी प्रत्यक्ष पाहिली आहे, त्यास यापुढे मत देण्याचा अधिकार राहणार नाही.

टाळ्या वाजल्या. मग मेहुणा हळूच म्हणाला, "भाऊजी, गाडी तर आपण सगळ्यांनीच पाहिली."

खिडकीतले सगळे एकदम मागे सरले, पण उशीर झाला होता. संपूर्ण मंडळ आपल्याच ठरावाने अपात्र ठरलं. मतच उरलं नाही म्हटल्यावर भांडायचं कशावरून? बायकोने पार्टिशन काढून टाकलं आणि दोघांनी मिळून बाईंची दाढ काढली. दोघांचाही चेहरा मात्र सुतकी होता.

मंडळ बंद पडायला नको, म्हणून आता नवे सदस्य घेणं चालू आहे. अट एकच: गाडी पाहिलेली नसावी आणि मत ठाम असावं. वाचकहो, अर्ज करण्याची तसदी घेऊ नका. गोल की चौकोनी, हे तुम्ही मघाशीच ठरवलंत. तुम्हाला दाखल करून घेतलं आहे.