काश्यपगोत्री क्रंप

कुकरची शिट्टी झाली की आमचे दातारभावजी कानात बोटं घालतात. आणि या माणसाचा नाद काय, तर एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन बंदूकवाल्यांचा इतिहास! स्वतः बंदुकीला कधी हात लावलेला नाही. इथे आखातात, रुमैथियात आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. दिवसा तेलकंपनीत पाइपलाइनी तपासतात आणि उरलेला वेळ कुठल्या गावात कुणी बंदुका घडवल्या, कुणी विकल्या, ते शोधत बसतात.

एकदा जमियात, म्हणजे आमच्या सहकारी दुकानात, रांगेत उभे राहून फोनवर ओरडले, "अहो, पण त्या रायफली गेल्या कुठे?" पुढची रांग क्षणात मोकळी! भावजींनी निवांत टोमॅटो तोलून घेतले.

खरा जीव जडला होता तो ओहायोच्या इलायजा क्रंपवर. हा पुढच्या खोलीत बंदुका विकायचा आणि मागच्या खोलीत लोकांचे दात काढायचा.

"बंदूक दाखवूनच मागे नेत असेल," मी म्हणाले.

"पुरावा आहे, वहिनी?" पुराव्याशिवाय हा माणूस मिठालाही खारट म्हणायचा नाही.

क्रंपचा एखादा वंशज सापडावा, एवढाच ध्यास. गेल्या भाद्रपदात दारात उभे, डोळे लाल. मला वाटलं, नाशिकचं त्यांचं कुणी लांबचं गेलं.

"क्रंप निपुत्रिक वारला हो! तिकडच्या ग्रंथपालबाईंनी आज कळवलं. मागे कुणीच नाही. सर्वपित्रीला त्याचं पान वाढायचंय."

"कर्म माझं! अहो, त्याचं गोत्र?"

"माहीत नसलं की काश्यप धरतात."

बडबडत का होईना, मी वडे तळले, खीर केली. गच्चीवर भावजींनी काश्यपगोत्री इलायजा क्रंपला तीळ-पाणी सोडलं. त्या रणरणत्या उन्हात कावळा कुठला यायला? शेवटी एक कबुतर आलं आणि वड्याला चोच मारून गेलं.

भावजी हात जोडून तसेच उभे. "वहिनी, कबुतर चालतं ना? म्हणजे, पुढे माझ्या वेळी... मला तरी कोण आहे?"

मी म्हटलं, "चालतं. आणि मी आहे ना! फक्त तुमच्या पानात अळूवडी वाढीन."

"अळूवडीच का?"

"दर शुक्रवारी अळूवडीचा डबा चाटूनपुसून परत करता. पुरावा आहे माझ्याकडे."