तात्यांची भट्टी

आमचे घरमालक तात्या यांच्याकडे गेलं, की चहाच्या आधी त्यांच्या छातीवर हात ठेवावा लागे. आत नुसता धडधडाट. "बघा राव, भट्टी पेटलीया," ते अभिमानानं सांगत. "चरबी जळतीया."

चऱ्होलीची शेती सोसायट्यांखाली गेली आणि तात्या चौफेर वाढले. मग मोशीच्या एका जिमवाल्यानं त्यांना वजन उतरवणाऱ्या गोळ्या दिल्या. जिमला जायचं नव्हतंच. गोळी गिळणं हाच व्यायाम. कोपऱ्यावरच्या दुकानात तात्या गाडी काढून जात. मटणाच्या ताटावर बसले, की म्हणत, "गोळी हाय की." डबीवर एक घ्या लिहिलेलं, तात्या दोन घेत. साठीनंतर भट्टीला कोळसा जास्त लागतो, हे त्यांचं शास्त्र.

ऐन थंडीत त्यांना घाम फुटे, हातातली बशी थडथडे. मी चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे. मशीन एवढं थरथरलं तर आम्ही लाइन बंद करतो, असं त्यांना म्हटलं. "तुमची मशीन लोखंडाची. ही गावरान हाय," तात्या म्हणाले. वजनकाटा मात्र जागचा हलला नव्हता.

एका सकाळी ते गोठ्यात, त्यांनी पाळलेल्या घोडीपाशीच कोसळले. मी त्यांना भोसरीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या गोळ्यांत उत्तेजकं आहेत. चयापचय जरासं वाढतं, पण हृदय बसल्या जागी पळत सुटतं. यांच्या ठोक्यांची लय बिघडलीय. पुन्हा घेतल्या तर जिवावर बेतेल."

मला रागच आला. "तात्या, या वयात फिगर कुणाला दाखवायचीय?"

तात्यांनी नजर छताकडे वळवली.

"घोडी म्हातारी झालीया," ते म्हणाले. "बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांच्या म्होरं पळायची. अजून बी शर्यत सुटताना भिर्रर्र आवाज आला की दावं तोडाय बघती. माज्याबिगर कुणाला पाठीव घेत न्हाई, आन् मी बसलो की तिचं पाय लटपटत्यात. यंदाच्या जत्रंत एकदा पळवायची व्हती तिला."

मला माझ्या बोलण्याचं फार वाईट वाटलं.

जत्रेत दुसऱ्यांच्या घोड्या पळाल्या. तात्या घरीच होते. डॉक्टरीणबाईंनी रोज थोडं चालायला सांगितलं होतं. संध्याकाळी ते गोठ्यात गेले, खोगिराकडे एकदा बघितलं आणि नुसताच लगाम हातात घेतला. घोडीनं त्यांचा खांदा हुंगला.

"चल बाई," तात्या म्हणाले, "आता दोघं बी पायीच हिंडू."