पार चार, पार तीन, पार पाच

होल पहिला

फोन खरखरत होता आणि नथू मुकादम एका कानात बोट घालून ऐकत होता. किन्हवलीच्या माळावर मुलुंडच्या एका शेठनं नऊ होलचं गोल्फचं मैदान काढलं होतं. नकाशा देवळालीच्या कर्नल टिपणीसांचा, घाम नथूच्या माणसांचा. कर्नलांनी मैदान पास केलं, तर नथू परमनंट. नापास केलं, तर सगळं काम वाशिंदच्या ठेकेदाराला. शेठनं हे दोनदा सांगितलं होतं.

'पाट्या रंगवून घे' हे कर्नलांचं वाक्य खरखरीत बुडालं. पुढचं स्वच्छ आलं.

"पहिल्या होलला पार चार, दुसऱ्याला पार तीन, तिसऱ्याला पार पाच..."

"एकेका होलला एवढे पार, साहेब?"

"अरे, त्याशिवाय खेळाडूची परीक्षा कशी होणार?"

होल दुसरा

नथूला शंका आली नाही, कारण कर्नलांनी मागच्या फेरीत सगळं समजावलं होतं. चांगलं मैदान माणसाचा प्रत्येक गुण तपासतं. लांब पल्ला ताकदीसाठी, तळं धाडसासाठी, वाळूचा खड्डा चुकल्यावर सावरण्यासाठी, उतार अंदाजासाठी. एवढं सगळं केल्यावर माणूस दमणारच. दमल्यावर टेकायला पार नको? नथूच्या हिशेबात ते चोख बसलं.

पार म्हटल्यावर झाड आलं. बायको शालननं पिंपळाची रोपं आणली. लावायचं तर बोधिवृक्षच, म्हणाली. दगड आले, माती आली, गवंडी लागले. रोपं अजून गुडघ्याएवढीच होती, पण माळावर वारा छान सुटायचा. पार तयार होताच गावातली म्हातारी माणसं येऊन बसू लागली. मोकळा पार दिसल्यावर ती दुसरं काय करणार?

होल तिसरा ते आठवा

इथं कुणी खेळलं नाही. इथं शेठ फक्त कपाळाला हात लावून चालले, आणि मैदान तपासायला आलेले कर्नल त्यांच्या मागून.

"हे काय बांधलंस?" शेठनी नथूला विचारलं.

"पार. साहेबांनी सांगितलं तेवढेच हायत. एक कमी नाय, एक जास्त नाय."

कर्नलांनी त्या होलचे पार मोजून पाहिले. मग त्यांनी सावकाश सांगितलं, की किती फटक्यांत चेंडू होलात गेला पाहिजे, त्या आकड्याला गोल्फमध्ये पार म्हणतात. नथूनं मान हलवली. त्याला समजलं होतं, आणि आपली नोकरी गेली हेही समजलं होतं.

"पाडतो, साहेब," तो म्हणाला.

"आधी मला एक होल खेळू दे. बाकीची जमीन तरी बघू."

होल नववा

कर्नल सुंदर खेळले. तळं पार केलं, वाळू चुकवली. चेंडू होलापासून दोन हातांवर येऊन थांबला. शेजारच्या पारावर भिमीआजी आणि चांगो म्हातारा बसले होते. कर्नल वाकले.

"एवढा जवळ आलाय, तर हातानं का नाय टाकीत?" भिमीआजीनं विचारलं.

"गुडघा दुखत आसल त्यांचा," चांगो म्हणाला. "बघ ना, कसं उभं ऱ्हायलंत."

कर्नलांनी गुडघा सरळ केला. चेंडू होलाच्या कडेनं निघून गेला.

"मगाशी बरा होता गो."

"तू बोलू नको, तुझ्यामुळं लाजलं ते."

कर्नलांनी पुन्हा मारला. चेंडू दुसऱ्या बाजूनं गेला. तिसऱ्यांदा तो गेला, तेव्हा चांगोनं त्यांना सरकून जागा करून दिली. कर्नल येऊन बसले आणि टोपी काढून हसू लागले.

शेठना ते म्हणाले, "इतकी मैदानं आखली, पण डोकं थंड ठेवण्याची परीक्षा कधी नीट जमली नव्हती. एकट्या माणसाचं डोकं थंडच असतं हो. पार राहू देत. पण खेळ असेल तेव्हा यांच्यासारखी माणसं त्यांवर बसलेली पाहिजेत. तरच मैदान पास."

होलाबाहेर

म्हणून नथू परमनंट झाला. शालननं गावात जिलेबी वाटली.

आयुष्यभर नथूनं बसलेल्या माणसांना उठवण्याचा पगार घेतला होता. आता काम उलटं झालं. बसण्यालाही मजुरी ठरली, आणि तिथंच घोटाळा झाला. फुकटात दिवसभर बसणारे म्हातारे जेवणाची सुट्टी मागू लागले. चांगोला रविवार मोकळा हवा होता, आणि मुलुंडचे पाहुणे नेमके रविवारी खेळायचे. पार ओस पडले. सगळे फाटकाबाहेर रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसू लागले, कारण तिथं कुणी बसायला सांगत नव्हतं.

एका रविवारी शेठचे पाहुणे गाड्यांतून उतरत होते आणि नथू भिमीआजीच्या दारात उभा होता. आजी ओटीवर पाय पसरून रस्त्याकडं बघत बसली होती.

"चल ना गो आजी. नुस्तं बसायचंय."

"आज नाय जमत रे," आजी म्हणाली. "आज मना काम हाय."