तिसऱ्या पानावरचा साप

निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मोरिवाकी शुन्पेई यांनी बायकोच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांना अनुक्रमांक दिले. चौथ्या आठवड्यात ते तिच्यामागोमाग बाजारात गेले आणि मुळा निवडण्याची अधिक कार्यक्षम पद्धत तिला भर दुकानात समजावून सांगितली. पाचव्या आठवड्यात हिसाएबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली.

"अहो, चाळीस वर्षं तुम्ही पाणीखात्यात होतात. तेव्हा वाटायचं, माणूस घरी येतो कधी. आता वाटतं, जातो कधी. माझ्याऐवजी दुसरं काहीतरी शोधा बघू."

"दुसरं म्हणजे?"

"जीव असलेलं काहीही. ज्याच्यामागे तुम्हाला दिवसभर फिरता येईल. फक्त केस नकोत, वास नको आणि आवाज नको."

केस तर इमारतीच्या नियमातच बसत नव्हते. तोयामा शहराच्या कडेला असलेल्या त्या तीन मजली, नऊ घरांच्या इमारतीत केसाळ प्राण्यांना बंदी होती. मोरिवाकींना वाईट वाटलं, पण बायकोचं खोटं नव्हतं. त्यांची सगळी ओळखपाळख कचेरीतली, आणि ती निरोपाच्या गुच्छाबरोबरच सुकून गेली होती. शेजाऱ्यांशी जिन्यात मान लववण्यापलीकडे संबंध नव्हता. दिवसाकाठी आपल्याशी चार शब्द बोलणारी एकुलती एक व्यक्ती आपल्याला घराबाहेर काढू पाहतेय, हे त्यांना कळत होतं.

सरपटणाऱ्या प्राण्यांचं दुकान नदीपलीकडे होतं. तिथल्या निइमी-सान नावाच्या मुलीच्या एकाच कानात सात बाळ्या होत्या. असा प्राणी विकायचा तर गिऱ्हाइकाला समोर बसवून अठरा कलमं समजावून सांगावी लागतात, त्याखाली सही घ्यावी लागते. बाकीची गिऱ्हाइकं पाचव्या कलमाला पेंगायला लागत. मोरिवाकींनी अठराही कलमं कान देऊन ऐकली आणि शेवटी विचारलं, "याला परिशिष्ट नाही?"

निइमी-साननी त्यांच्याकडे आदराने पाहिलं. "पहिल्यांदाच पाळताय ना? मग तीनच पर्याय. ही ठिपक्यांची पाल, हा दाढीवाला सरडा आणि हा कॉर्न स्नेक, बिनविषारी साप. तिघंही गरीब आहेत."

मोरिवाकींनी घरी जाऊन तक्ता आखला. पाल लहानशी, शहाणी, पण तिला जिवंत रातकिडे लागतात. "म्हणजे आवाज," हिसाएबाई म्हणाल्या. पाल बाद झाली. सरड्याला रोज ताजी भाजी चिरून द्यावी लागते. "तुम्ही चिरणार, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात उभे राहणार," हिसाएबाई म्हणाल्या. सरडा बाद झाला. साप आठवड्यातून एकदा बर्फात गोठवलेला उंदीर खातो आणि उरलेले सहा दिवस काहीच करत नाही.

"म्हणजे तुमच्यासारखाच," हिसाएबाई म्हणाल्या. "आणा. उंदीर मात्र तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवा, आणि त्यावर आकडा नको, 'उंदीर' असं अक्षरात लिहा."

दुसऱ्या दिवशी मोरिवाकी सहीऐवजी मारायचा आपल्या नावाचा शिक्का खिशात घालूनच दुकानात गेले.

"तुमचं वय काय हो?" निइमी-साननी विचारलं.

"सहासष्ट."

निइमी-साननी बोटांवर मोजलं. "साप वीस वर्षं जगतो. म्हणजे तुम्ही शहाऐंशी. आमच्या दुकानाचा नियम आहे, साठीपुढच्या गिऱ्हाइकाला वारस लागतो. तुमच्यामागे सापाला सांभाळणारा कुणीतरी. घराच्या शिक्क्यासकट लेखी."

हिसाएबाईंनी साफ नकार दिला. "तुमच्यामागे जरा मोकळी होईन म्हणते, तर तुम्ही साप ठेवून जाणार?" साप्पोरोला राहणाऱ्या मुलीला फोन केला, तर तिने 'बाबा, आवाज तुटतोय' असं तीनदा अगदी स्पष्ट आवाजात सांगितलं. तिसरं माणूस मोरिवाकींना आठवेना. आयुष्यभर माणसं जोडायची राहून गेली आणि त्याची आठवण एका सापाने करून द्यावी, हे त्यांना त्या संध्याकाळी फार लागलं.

तेवढ्यात दाराला फिरती पाटी अडकवल्याचा आवाज झाला. ही पाटी इमारतीत दारोदार जायची. कचऱ्याचे वार, भूकंपाची कवायत, गटारसफाई, सगळं तिच्यावर. प्रत्येक घराने वाचायचं, आपल्या रकान्यात तांबडा शिक्का उमटवायचा आणि पाटी शेजारच्या दाराला लावायची. वाचण्यात फारसा कुणी वेळ घालवत नसे. पाटी रात्रभर ठेवून घेतली तर पुढच्या घराचा खोळंबा होतो, आणि ते असभ्यपणाचं. म्हणून लोक सभ्यपणे आधी शिक्का मारत आणि वाचायचं राहून जाई.

मोरिवाकींनी रात्र जागून नव्हे, पण संध्याकाळभर बसून पत्र लिहिलं आणि पाटीला लावलं. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं. पाणीखात्यात वाईट बातमी तिसऱ्या पानावर लिहायची शिस्त होती, वाचणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून. त्यानुसार पहिल्या पानावर त्यांनी पानगळीचं वर्णन करून सर्वांच्या प्रकृतीची चौकशी केली. दुसऱ्या पानावर जिन्यातल्या दिव्याबद्दल समाधान व्यक्त केलं. तिसऱ्या पानाच्या शेवटी लिहिलं, की मी साप आणत आहे, माझ्या मृत्यूनंतर आपण त्याचा सांभाळ कराल अशी नम्र विनंती, आणि शिक्का हीच संमती समजली जाईल.

दोन दिवसांत पाटी परत आली. आठही घरांचे शिक्के होते. मोरिवाकींचे डोळे भरून आले.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "एकानेही नाही म्हटलं नाही. आपण माणसं ओळखायला चुकलो."

हिसाएबाईंनी तीन पानं चाळली, नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याला चहा दिला. निइमी-सान तर हरखूनच गेल्या. आठ वारस असलेलं गिऱ्हाईक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यातला एक वारस मोरिवाकींहूनही वयाने मोठा होता, पण तेवढ्या खोलात त्या शिरल्या नाहीत. संत्र्याच्या रंगाचा, हातभर लांबीचा साप घरी आला. पापणी न लववता बघत राहायची त्याची सवय पाहून मोरिवाकींनी त्याला आपल्या जुन्या साहेबांचं नाव दिलं, शिमोदा.

पंधरा दिवसांनी इमारतीच्या अध्यक्षा त्सुबोई-सान वर्गणी गोळा करायला आल्या आणि दारातूनच त्यांना काचपेटी दिसली.

"हे काय आहे, मोरिवाकी-सान?"

"हेच ते शिमोदा. तुम्ही इतक्या मोठ्या मनाने जबाबदारी घेतलीत, तुमचे आभार कसे मानू?" असं म्हणून मोरिवाकींनी तिसरं पान त्यांच्यापुढे धरलं. पहिलाच शिक्का त्सुबोई-सानचा होता.

त्सुबोई-साननी पान वाचलं. न वाचता शिक्का मारला असं अध्यक्षांनी म्हणायचं कसं? त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला, पण हसू जागेवर राहिलं.

"हो, हो. खूप विचार करून मारला होता मी तो. आणि... तुमची प्रकृती कशी आहे?"

"थोडा रक्तदाब आहे."

"अगंबाई," त्सुबोई-सान म्हणाल्या, आणि वर्गणी न घेताच खाली गेल्या.

संध्याकाळपर्यंत आठही घरांना तिसऱ्या पानाची बातमी लागली. सगळ्यांचीच पंचाईत एक होती, त्यामुळे कुणालाच बोलता येईना. दुसऱ्या दिवशी त्सुबोई-सानकडून दारात झाकलेलं भांडं आलं, आतमध्ये कमी मिठाचं मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप. पुढच्या सकाळी सहाला घंटी वाजली. तळमजल्यावरचे होसाका उभे होते, वय चौऱ्याहत्तर, बस चालवून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली.

"चला, नदीपर्यंत फिरून येऊ. सहासष्ट हे काही बसून राहायचं वय नाही."

मग सुरुवातच झाली. वरच्या मजल्यावरच्या परिचारिका किताओका-सान रविवारी रक्तदाब बघून जाऊ लागल्या आणि आकडा जिन्यातल्या फळ्यावर लिहू लागल्या. जिन्याला कठडा नव्हता, तो एकमताने बसवला. बर्फ पडायला लागलं तशी मोरिवाकींच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट आधी साफ व्हायची, अध्यक्षांच्या दारापुढची नंतर. मोरिवाकी दिवसातून एक सिगारेट ओढत, तीही होसाकांनी काढून घेतली आणि स्वतः ओढली. नव्या वर्षाच्या सकाळी मोची, म्हणजे तांदळाचा चिकट लाडू, खाताना दरवर्षी कुणा ना कुणा म्हाताऱ्याच्या घशात अडकते, म्हणून त्सुबोई-साननी ती वाटाण्याएवढी चिरून आणली आणि शेवटचा तुकडा गिळेपर्यंत समोर बसून राहिल्या.

"काय माणसं आहेत," मोरिवाकी गहिवरून म्हणाले. "इतकी वर्षं मला पत्ताच नव्हता."

हिसाएबाईंना राहवेना. "अहो, त्यांना तुम्ही हवे आहात असं नाही. त्यांना साप नकोय."

मोरिवाकींनी पाटीवरची तारीख, पहिल्या सुपाची तारीख आणि रक्तदाबाच्या फळ्याची तारीख मनात एकाखाली एक मांडली. बायकोचं बरोबर होतं. त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण सकाळी सहाला घंटी वाजली तेव्हा त्यांनी बूट आधीच घातलेले होते.

जानेवारीत शिमोदाने खाणं सोडलं. एक उंदीर गेला, दोन गेले, तीन गेले. साप गेला तर सूप जाणार, नदी जाणार, होसाका जाणार. ते रोज दोनदा शिमोदाचं वजन करू लागले. इमारत मोरिवाकींच्या जिवाला जपत होती आणि मोरिवाकी शिमोदाच्या. होसाका फिरून आल्यावर काचपेटीपुढे बसत आणि चिंतेने विचारत, "आज तरी खाल्लं का हो?" त्या चिंतेत आशा किती होती, ते मोरिवाकींना कळत नसे.

शेवटी ते निइमी-सानकडे धावले.

"नर आहे ना? थंडीत सोडतात खाणं. मार्चमध्ये खाईल," त्या म्हणाल्या. "आणि हो, एक चांगली बातमी. आता आमच्या मालकांनीच म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचे प्राणी परत घ्यायचं ठरवलंय. वारसाची सक्ती गेली. या कागदावर 'दुकान' नाहीतर 'वारस', यातल्या एकावर खूण करा, की तुमचे शेजारी सुटले."

मोरिवाकींनी कागद घडी करून आतल्या खिशात घातला आणि पाच दिवस तो कोट कपाटाबाहेर काढला नाही. सहाव्या दिवशी हिसाएबाईंनी कोट झटकला.

"हे सांगणार आहात की नाही?"

"मार्चमध्ये सांगतो."

"अहो, त्या त्सुबोई-सानचं वय काय, आणि ती बाई तुमच्यासाठी रोज मिसो वेगळं शिजवते. असं फुकटचं सूप घशाखाली कसं उतरतं तुमच्या?"

ते उतरत होतं, चांगलं उतरत होतं, आणि त्याचीच मोरिवाकींना लाज वाटली. फेब्रुवारीच्या सभेत ते उभे राहिले. या वेळी पहिलं पान नाही, दुसरं पान नाही. "साप माझ्यामागे दुकानात जाईल," ते म्हणाले. "तुम्ही सगळे मोकळे आहात. चार महिने तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, त्याबद्दल आभारी आहे." आणि कमरेत वाकले ते बराच वेळ तसेच राहिले.

"अरेरे, आम्हाला तर सवय झाली होती," त्सुबोई-सान म्हणाल्या. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. सभा इतक्या लवकर कधीच संपली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सहाला घंटी वाजली नाही. मोरिवाकी बूट घालून सातपर्यंत बसले आणि मग बूट काढले. सूप आलं नाही. रविवारी फळ्यावर रक्तदाबाच्या जागी गटारसफाईचा वार होता. बर्फ पडलं, ते त्यांनी स्वतः काढलं. चौथ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन बरण्यांकडे पाहिलं. हिसाएबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि लग्नाला अडतीस वर्षं झालेल्या माणसाला त्याचीही भीती वाटली.

तेवढ्यात घंटी वाजली. दारात होसाका उभे होते. सकाळचे दहा वाजून गेले होते, आणि त्यांच्या हातात दुकानाची पिशवी होती.

"चार दिवस रोज दुकानात जात होतो," ते खाली बघत म्हणाले. "तुमच्या शिमोदाला बघून बघून सवय लागली. साप नको, मला जरा भीती वाटते. ती ठिपक्यांची पाल बरी वाटली. माझं घर तसंही फार शांत असतं, रातकिडे ओरडले तर बरंच. नवख्या माणसाला जमेल ना?"

"जमेल," मोरिवाकी म्हणाले. "बसा ना, आत या."

"पंधरा वर्षं जगते म्हणे. ती बाळ्यावाली पोरगी म्हणाली, 'दुकान'वर खूण करा, सोपं पडेल." होसाकांनी पिशवीतून कागद काढला. "मी म्हटलं, दुकान कशाला? मी गेल्यावर तिनं परत काचेत बसून गिऱ्हाइकाची वाट बघायची? 'वारस'वर खूण केलीय. तुमची हरकत नसेल, तर इथं शिक्का लागेल."

मोरिवाकींनी कागद घेतला. चौऱ्याहत्तर आणि पंधरा, एकोणनव्वद. त्यांनी शिक्का आणायला आतल्या खोलीकडे दोन पावलं टाकली, मग थांबले आणि मागे वळून होसाकांना नखशिखांत न्याहाळलं.

"होसाका-सान," ते म्हणाले, "खिशातलं सिगारेटचं पाकीट आधी इकडे द्या. आणि उद्यापासून सहाला नाही, पावणेसहाला."