आम्मीच्या मायेचं करडईचं तेल

"मुरुम गावामधी लोखंड तुटलं तर आता सोलापूरला जायचं न्हाय, गफारकडं यायचं!" सोलापुरात तीन वर्षं ग्यास वेल्डिंग शिकून आलेल्या गफारनं एकसष्ट साली दुकान उघडलं आणि दिसंल त्याला हेच सांगितलं. दुकानाच्या कोपऱ्यात ऑक्सिजनचा उंच, काळा बाटला साखळीनं भिंतीला बांधलेला. नवरदेवासारखा ताठ! गफार त्याच्याजवळ विडी ओढू देत नव्हता, उन्हाची तिरीप येऊ देत नव्हता.

पहिलंच काम आलं ते आण्णासाहेबांच्या इंजिनाचं. विहिरीवरच्या इंजिनाचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पाय तुटला होता आणि चार दिवस पाण्यावाचून ऊस माना टाकत होता. बाजारचा दिवस. आण्णासाहेब बैलगाडीत तुकडे घालून आले, त्यांच्यामागं निम्मा बाजार बघायला आला.

गफारनं ऐटीत काळा चष्मा चढवला. चावी घेतली. बाटल्याच्या तोंडाला हात घातला आणि बोटं सुळकन् घसरली!

"हे वलं कशानं झालं?"

दारातनं त्याची आई हुसेनबी कौतुकानं म्हणाली, "म्याच तेल सोडलं, बेटा! काल ते फिरवताना किती घट्ट लागत होतं तुला. चांगलं घाण्याचं करडईचं तेल हाय!"

गफारच्या तोंडचं पाणी पळालं.

"आम्मी! ऑक्सिजनला तेल? कुणी विडी पेटवू नका! बाहेर व्हा! सगळे बाहेर!"

आता 'विडी' आणि 'बाहेर व्हा' एवढंच लोकांना ऐकू आलं. आण्णासाहेबांनी पेटती विडी चपलेखाली चिरडली, धोतर आवरलं आणि साठीतला माणूस विशीतल्यासारखा सुटला! मागनं सगळा बाजार. भज्यांच्या गाड्यापाशी बातमी पोचली तेव्हा बाटला फुटणार होता, कापडाच्या दुकानापाशी तो फुटला होता आणि एसटीच्या थांब्यावर त्यात चार माणसं गेली होती. पाचवा गफार!

बांगड्या विकायला बसलेल्या गजराबाईनं तर तिथंच गळा काढला, "लई गुणाचं लेकरू होतं हो!"

तेवढ्यात जमादार कोंडीराम काठी आपटत आले. दुकानाच्या दारात गफार दोन्ही हात पसरून उभा.

"तू मेलास न्हवं?"

"न्हाय, जमादारसाहेब."

"मग फुटलं काय?"

"काहीच न्हाय! तोंड बंद हाय तवर तसं भ्या न्हाय. पण तेल लागलेलं तोंड उघडलं तर दाबातला ऑक्सिजन आन् तेल मिळून भडका उडतो. उघडायचं न्हाय, एवढंच!"

"मग मी जप्त करतो. चौकीत नेतो."

"चौकीत कंदील जळतो, साहेब!"

जमादार चार पावलं मागं सरले. "मग ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच."

हुसेनबी रडकुंडीला येऊन बादली घेऊन आली. "मी सोड्यानं घासून देते, बेटा. भांड्याचं तेल निघतं, याचं न्हाय निघत व्हय?"

"न्हाय, आम्मी. आता याला आपण हात लावायचा न्हाय. ज्याचा बाटला त्यानंच धुवायचा." गफारनं तोंडावर टोपण बसवलं, खडूनं मोठ्या अक्षरात 'तेल लागले, उघडू नये' असं लिहिलं आणि संध्याकाळच्या ट्रकनं, उभा बांधून, बाटला सोलापूरला कंपनीकडं परत धाडला. सोबत खरं काय झालं त्याची चिठ्ठी. ती लिहिताना त्याचे कान लाल झाले होते!

तिसऱ्या दिवशी नवा बाटला आला. गफारनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, बिडाचा पाय तापवून सावकाश जोडला. सांजंला इंजिन धडधडलं, पाटानं पाणी उसात शिरलं. हुसेनबीनं साखर वाटली.

आता गिऱ्हाइकांची रांग लागणार म्हणून गफारनं दारावर ठळक पाटी रंगवली : 'तेलकट हात आत आणू नये.'

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुकानात चिटपाखरू न्हाय! गफार बाहेर डोकावला. रस्त्यापलीकडं कुळवाच्या मोडक्या फासा, म्हणजे लोखंडी पाती, घेऊन आठ-दहा जण उभे होते आणि सगळ्यांत पुढं आण्णासाहेब.

ते तिथनंच ओरडले, "गफार, सकाळी डोक्याला तेल लावलंय! आत येऊ, का फास इथनंच फेकू?"