गुरनुले सरांचे वाकडे दोलक

“पंखा दुरुस्त करशीन तं माहं संशोधन बंद पडन ना बे!”

स्टाफरूममध्ये माझा पहिलाच दिवस. स्टुलावर चढलेल्या इलेक्ट्रिशियनचा पाय धरून गुरनुले सर ओरडत होते. तो पंखा हळू असताना शहाण्यासारखा फिरायचा, वेग वाढला की डगमगायचा. सरांना नेमकं तेच हवं होतं.

गडचिरोलीच्या आमच्या कॉलेजात सर क्वांटम फिजिक्स शिकवत. दोलक म्हणजे मागेपुढे झुलणारी कोणतीही गोष्ट, अणूंपर्यंत. सरांचा अभ्यास विरूपित दोलकांचा, म्हणजे नियमाप्रमाणे न झुलणाऱ्यांचा. “पुस्तकातला दोलक म्हणजे बायोडाटातला जावई, मॅडम. खरा कसा हाये ते घरी आल्यावर समजते.”

धानोऱ्याच्या एसटीत ते मुद्दाम शेवटच्या सीटवर बसत. खड्डा आला की बाकीचे ड्रायव्हरला शिव्या देत. सर शेजाऱ्याला सांगत, “पाह्यलं? खड्डा दुप्पट, पण उसळी चौपट! यालेच नॉनलिनिअर म्हणते.” प्राचार्यांनाही त्यांनी याच खात्यात टाकलं होतं. “साहेबाले थोडं ढकललं तं डोलते. जास्त ढकललं तं मेमो येते.”

मी इंग्रजी शाळेत शिकले आणि दोन्ही भाषांत गप्प बसते. सरांना मी त्यामुळेच आवडले असावे. एकदा चहा पिताना ते म्हणाले, “इतके सेमिनार दिले, मॅडम. टाळ्या भेटल्या, शाली भेटल्या. प्रश्न कोणीच नाई विचारला. एक जरी आला असता, तं समजलं असतं का कोणीतरी ऐकून राह्यलं होतं.” मग घाईने बिस्कीट बुडवलं. ते तुटून कपात पडलं.

मागच्या महिन्यात सर रिटायर झाले. निरोपाआधी त्यांचं शेवटचं व्याख्यान ठेवलं होतं. फळ्यावर त्यांनी ऊर्जेच्या दोन शिड्या काढल्या; एकेक पायरी म्हणजे दोलकाला घेता येणारी एकेक ऊर्जा. साध्या दोलकाच्या पायऱ्या सारख्या अंतरावर, सरांच्या वाकड्या दोलकाच्या मात्र वर जाताना जवळजवळ येणाऱ्या. पहिल्या रांगेचं लक्ष दाराशी आलेल्या तर्री-पोह्यावर होतं.

“काई प्रश्न?” सरांनी विचारलं.

टाळ्या झाल्या. खुर्च्या सरकल्या. सरांनी डस्टर उचललं, पण फळा पुसायला ते फार वेळ लावत होते. पहिली शिडी गेली. मी उभी राहिले.

“सर, पुसू नका. पायऱ्या अशा जवळजवळ येत गेल्या, तर पुढे शिडी संपते का?”