बहात्तर किलोंचा माणूस

नवा माणूस भेटला की लोक विचारतात, गाव कुठलं, काम कुठे. आमच्या दहिसरच्या चाळीतले गुणाजी परब विचारायचे, "वजन किती?"

मी शेहेचाळीस सांगितलं. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "भात खा रे. मगे बघूया."

हा अपमान मी अजून विसरलेलो नाही.

ही चौकशी गाडीसाठी असायची. गुणाकाका चेकनाक्याजवळच्या गॅरेजात ट्रक दुरुस्त करायचे. अंधेरीच्या एका बंगल्यामागे महायुद्धाआधीची दोन दारांची विलायती गाडी पडली होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. ती त्यांनी भंगारात उचलली. तेव्हा रस्त्यावर जपानी बनावटीचे टेम्पो नुकतेच आले होते. त्यातला एक नाक्यावर उलटला, आणि त्याचं नवंकोरं डिझेल इंजिन गुणाकाकांनी या गाडीच्या पोटात बसवलं. लांब नाक, पाठीवर उतरत गेलेलं छप्पर, वाटोळे दिवे, रुंद चाकं, रंग पिकल्या जांभळाचा. "आंग म्हातारेचा, काळीज नातवाचा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

नातू मात्र जड निघाला. पहिल्याच फेरीत उतारावर ब्रेक दाबला, तर गाय उठताना आधी मागचं अंग उचलते ना, तसं गाडीने शेपूट उचललं. गुणाकाकांनी उपाय जाहीर केला. गाडीच्या मागच्या डिकीचं झाकण उघडलं की त्याचं बाकडं व्हायचं. त्या बाकड्यावर सत्तर किलोंच्या वरचा एक माणूस कायम बसला पाहिजे. त्याशिवाय गाडी हलणार नाही.

आता माझं ऐका. मी तेव्हा चाळीच्या पाण्यासाठी लढत होतो. चाळीस खोल्यांना दोन नळ! मी रात्रंदिवस पत्रकं लिहायचो, सायक्लोस्टाइल करायचो, दारोदार वाटायचो. सभेला सात माणसं यायची, त्यातली दोन नळावर नंबर लावून. आणि तेवढ्यात अंगणात ती जांभळी बया घरघरली की सातातली सहा उठून जायची. ज्या जनतेला हंडाभर पाणी मिळत नाही ती जनता एका खासगी गाडीच्या काचा पुसते, याला काय म्हणायचं? मी पत्रकात म्हटलं, गुलामी. मनात मात्र निव्वळ जळत होतो. माझ्या भाषणावर कुणाचे डोळे असे कधी चमकले नव्हते.

त्यात कहर म्हणजे माझे वडील.

बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यापासून ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. जेवायला हाक मारली की आत, जेवण झालं की बाहेर. मी किती वेळा म्हटलं, "बाबा, सभेला चला. तुम्ही युनियन पाहिलीय, दोन शब्द बोला." ते म्हणायचे, "तू बोल. इथून ऐकू येतं." आणि गुणाकाकांनी एका संध्याकाळी खालून आवाज दिला, "तात्यानू, वजन किती?"

"बहात्तर होतं. आता ठाऊक नाही."

"खाली येवा. माणूस होया."

आणि बाबा गेले! शर्ट बदलून गेले. रोज साडेपाचला मार्वेच्या जेट्टीपर्यंत जायचे, मनोरीची बोट सुटताना बघायचे आणि परत यायचे. डिकीत ताठ बसायचे, दोन्ही हात कडेला घट्ट. पुढून गुणाकाका ओरडून काहीतरी सांगायचे, मागून बाबा ओरडून उत्तर द्यायचे. घरी आले की आईला सांगायचे, "आज कांदिवलीला म्हशी आडव्या आल्या." दोन वर्षांत माझ्याशी एवढं बोलले नव्हते. एकदा बाबांना ताप आला, तर गुणाकाकांनी गाडीच काढली नाही. "आज वजन नाय," म्हणाले आणि बॉनेटला टेकून विड्या ओढत बसले.

मी अर्ज लिहिला. 'चाळीच्या सामायिक अंगणावर खासगी वाहनाचे अतिक्रमण.' एकोणीस सह्या मिळवल्या. गाडीचं ज्यांना कौतुक होतं त्यांच्याही, कारण कागद कोणी वाचत नाही. वॉर्ड ऑफिसात अर्ज पडला की गाडी उचलून नेणार, हे मला पक्कं माहीत होतं. मोजमाप जोडावं म्हणून एका संध्याकाळी टेप घेऊन गाडीखाली, डिकीत, सगळीकडे शिरलो. डिकीतली फळी हलली. खाली रेतीच्या चार गोण्या, तोंडं शिवलेल्या, पट्ट्यांनी आवळलेल्या. त्यांच्यावर धूळ बसलेली होती.

"इलंस घुसान?" मागे गुणाकाका उभे.

"ही रेती कशाला, काका?"

"शेपटीक."

"कधी भरली?"

"दुसऱ्याच दिसा. तेवा गाडी सरळ झाली."

"मग बाबा कशाला बसतात?"

ते गाडीच्या कडेला टेकले. "मेल्या, वर बसान सुकत होते ते. नुसता 'चला फिराक' म्हटला असता, तर इले असते? मिलचो माणूस. कामावर बोलावल्याशिवाय हलाचो नाय." मग टेपकडे बघत राहिले. "आणि माका तरी कोण आसा? झील नाय, चेडू नाय. खोलयेत रेडियो लावतंय. पण रेडियो कधी 'मगे काय झाला' म्हणान इचारता?"

मी टेप गुंडाळू लागलो. अर्ज खिशात होता.

"बापाशीक सांगा नको," ते म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. अतिक्रमणाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी खरं बोलण्याबद्दल चाळीत प्रसिद्ध होतो. भिंतींवर रंगवायचो मी खरं. एक वाक्य, आणि बाबा परत खुर्चीत. गाडी संपली, गुणाकाका संपले, आणि सभेला कदाचित सातावर आठवा माणूस.

जिन्यात चपला वाजल्या. बाबा उतरत होते, केस पाणी लावून विंचरलेले. मी फळी पायाने जागेवर सरकवली आणि डिकीतून खाली उतरलो.

"तू काय करतोस इथे?" बाबा म्हणाले. "बाजूला हो सुनील, उशीर होतोय." चढून बसले, दोन्ही हात कडेला लावले, आणि खाली वाकून, गुणाकाकांना ऐकू जाणार नाही असं मला म्हणाले, "गाडी झकास आहे रे, पण ब्रेक फसवा. मी मागे नसलो तर हा माणूस एक दिवस मरेल."

"हो बाबा," मी म्हणालो. "नीट धरून बसा."